खाक्या दाखवताच

मराठी वर्तमानपत्रे नियमाने वाचणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ असते. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' गाव बदलते, वय बदलते, चोरीला गेलेला ऐवज बदलतो; वाक्य बदलत नाही. कधी 'कबुली दिली'च्या जागी 'तो पोपटासारखा बोलू लागला' असे येते, एवढाच काय तो शैलीविलास. आम्ही मराठी साहित्य शिकवणारी माणसे. केशवसुतांच्या एका ओळीवर अख्खा तास खर्ची घालणारी. हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे सकाळच्या चहाबरोबर वाचत आलो आणि त्यावर एकदाही थांबावे असे आम्हांला वाटले नाही. आज थांबायचे ठरवले आहे, आणि हा दोष आधी आमच्याच पदरी घालून पुढे जायचे आहे.

वाक्य नीट पाहावे. 'खाक्या' म्हणजे रीत, ढंग. मारहाण हा शब्द टाळण्यासाठी मराठीने शोधलेला हा सभ्य पडदा. पडदा इतका पातळ की पलीकडचे सगळे दिसते, आणि दिसूनही कुणाला काही पाहिल्यासारखे वाटत नाही. 'दाखवताच' मधले '-ताच' दोन क्रिया लागोपाठ घडल्याचे सांगते: बटण दाबताच दिवा लागला, तसे. मधला काळ, म्हणजे कोठडीतली रात्र, या प्रत्ययात गिळली जाते. खाक्या कुणी दाखवला? 'पोलिसी' हे विशेषण आहे, कर्ता नव्हे. दाखवणाऱ्याचे नाव, पद, हुद्दा वाक्यात नाही. उलट 'आरोपीने कबुली दिली' इथे मात्र कर्ता ठसठशीत आहे. संपूर्ण वाक्यात स्वतःहून काही करणारा माणूस एकच, तो म्हणजे आरोपी. आणि तो काय करतो, तर 'देतो'. दान द्यावे तशी कबुली देतो. शेवटी 'गुन्ह्याची'. गुन्हा घडला आणि तो यानेच केला, या दोन्ही गोष्टी खटला उभा राहण्याआधीच एका षष्ठी प्रत्ययाने निकालात निघाल्या.

एवढे करून या वाक्यातली बातमी कायद्याच्या लेखी शून्य आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे १८७२च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे पंचविसावे कलम सांगत होते. १ जुलै २०२४पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्यात तेविसावे कलम तेच सांगते. कोठडीत असताना दिलेली कबुली धरायची तर ती दंडाधिकाऱ्याच्या समक्ष व्हावी लागते, आणि दंडाधिकाऱ्याने कबुली नोंदवण्याआधी त्या माणसाला सांगावे लागते की कबुली देण्याचे बंधन तुझ्यावर नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. अपवाद आहे: पोलिसांना दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेला भाग तेवढा पुराव्यात येतो. 'आरोपीने लपवलेला कोयता काढून दिला' हे पंचनाम्यातले ठरीव वाक्य या अपवादाच्या खुंटीवर टांगलेले असते. बाकी सगळी कबुली न्यायालयाच्या उंबरठ्याबाहेर राहते. वर्तमानपत्रात मात्र मथळ्यात येते.

ही तरतूद स्वतंत्र भारताच्या हळव्या मनाची निपज आहे, असा एक समज आमच्या सहकाऱ्यांत आढळतो. तो खोटा आहे. पोलिसांपुढच्या कबुलीला मनाई १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच आली होती आणि तिच्या मागे मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा १८५५चा अहवाल होता. म्हणजे ज्या गोऱ्या सरकारला नेटिवांबद्दल फारसे प्रेम असल्याचा आरोप कुणी करणार नाही, त्या सरकारलाही आपल्याच पोलिसांनी काढलेल्या कबुलीवर विसंबावेसे वाटले नाही. पुढे घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, हे मूलभूत हक्क म्हणून लिहिले. दीडशेहून अधिक वर्षांचा हा कायदा मराठी वृत्तगद्याच्या कानावर अजून पडलेला दिसत नाही.

अशीच वर्तमानपत्रे वाचणारा दुसरा एक वाचक होता. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या एका कायदेविषयक साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचल्या आणि त्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे पत्र सरन्यायाधीशांना धाडले. ते पत्रच रिट याचिका म्हणून दाखल झाले. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल देताना अटकेचे नियम घालून दिले: अटक करणाऱ्याच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी, अटकेची नोंद साक्षीदाराच्या सहीनिशी व्हायला हवी, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायला हवे, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. बातमी वाचून पत्र लिहिणे आणि बातमी वाचून पान उलटणे, या दोन वाचनांमधल्या फरकाला आम्ही समीक्षेचा प्रश्न समजतो. कुणी त्याला वकिलीचा प्रश्न म्हणून बाजूला सारू नये.

आता एका वाक्यावरून शब्दसंग्रहाकडे जाऊ, कारण दुखणे खोल आहे. खटला चालू असलेल्या आणि शिक्षा न झालेल्या बंद्याला आपण 'कच्चा कैदी' म्हणतो. कच्चा, म्हणजे पिकायचा राहिलेला. वेळ गेला की पक्का होईलच, हे गृहीत. भारतातल्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीस ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्ची होती, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. चारांतले तीन! निर्दोष सुटलेल्याबद्दल आपण 'पुराव्याअभावी सुटका' असे लिहितो, म्हणजे केले होतेच, सापडले नाही. 'संशयाचा फायदा' हा आणखी एक नमुना: राज्यसंस्थेला आपले म्हणणे निःसंशय सिद्ध करता आले नाही, हे साधे वास्तव आपल्या भाषेत आरोपीच्या पदरात पडलेला नफा होऊन बसते. पोलिसांपुढे दिलेले म्हणणे न्यायालयात न सांगणारा साक्षीदार 'फितूर' होतो. फितूर कुणाला? साक्षीदार शपथ घेतो ती सत्याची. सरकार पक्षाच्या सैन्यात तो भरती झालेला नसतो. जाता जाता 'जातमुचलका' या शब्दाबद्दलही सांगून टाकतो. त्यातली 'जात' म्हणजे स्वतः, आपण खुद्द. आपल्या एकट्याच्या शब्दावर लिहून दिलेले बंधपत्र ते जातमुचलका. पदव्युत्तर वर्गात या शब्दाचा अर्थ विचारला असता 'जातीचा दाखला' असे उत्तर आम्हांला मिळाले आहे, आणि हसल्यावर आम्हांलाही कोश उघडावा लागला होता.

यावर असे उत्तर येईल की भाषा लोकांची असते, न्यायालयाची नव्हे. लोक बोलतात तसे वर्तमानपत्र लिहिते. बरे. मग लोकांच्या भाषेत आरोपी कधी बोलला आहे का, ते पाहू. मराठीतला सर्वांत प्रसिद्ध आरोपी म्हणजे लोकमान्य टिळक. १९०८च्या खटल्याचे शेवटचे, उच्च न्यायालयाच्या भिंतीवर कोरलेले बोल आपल्याला ठाऊक असतात. त्याआधी टिळकांनी एकवीस तासांहून अधिक काळ जे भाषण केले, त्याकडे साहित्याचे अभ्यासक फिरकत नाहीत. कारण त्यातला मोठा भाग भाषांतरावरचा वाद आहे. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तले लेख मराठी, आरोप ठेवला तो त्यांच्या इंग्रजी भाषांतरांवर, आणि ज्युरीत सात युरोपीय, त्यांना मराठीचा गंध नाही. टिळकांनी न्यायालयाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. एकेका मराठी शब्दाला कोणती छटा आहे आणि इंग्रजीत ती कशी भडक झाली, हे सांगत राहिले. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील होते, हा योगायोग सगळे रंगवून सांगतात. आम्हांला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की एक आरोपी आपल्या भाषेतल्या शब्दांच्या अर्थासाठी दिवसचे दिवस झगडत होता आणि मराठीच्या प्राध्यापकांनी या झगड्यातून भाषांतरमीमांसेचा साधा एक पाठही उभा केला नाही.

टिळकांपाशी निदान भाषा होती. ज्याच्यापाशी नाही त्याचे काय? १९६२ साली 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात प्रश्न होता तो असा, की स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत लिहून दिली, आणि ज्याला दिली त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीत मागितली, ती नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. नोव्हेंबर २०२५मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने सांगितले की गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणे अटक झालेल्याला लेखी, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. 'समजणाऱ्या भाषेत' हे शब्द आमच्या खात्यातले आहेत. 'दखलपात्र', 'दोषारोप', 'अधिपत्र', 'परिवीक्षा' ही शासकीय मराठी कागदावर आली म्हणजे ती मेळघाटातल्या कोरकू माणसाला समजली, असे होत नाही. खरे तर ती आम्हांलाही एका वाचनात समजत नाही. परिभाषाकोशाच्या समित्यांवर साहित्यिकांनी हौसेने कामे केली. घडवलेला शब्द कोठडीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला कळतो की नाही, हे पाहायला कोण गेले होते?

इथे आमच्या अभ्यासक्रमाकडे वळल्याशिवाय गत्यंतर नाही. लक्ष्मण मान्यांचा 'उपरा' १९८०चा, लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' १९८७चा. दोहोंना साहित्य अकादमीचा पुरस्कार. 'उचल्या' आम्ही शिकवतो. भटक्या-विमुक्तांची वेदना, बोलीचे सामर्थ्य, आत्मकथनाचा घाट, सगळे सांगतो, आणि मुलांचे डोळे ओले झालेले पाहून आपला तास सार्थकी लागला असे मानतो. ज्या कायद्याने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले तो १८७१चा. तो रद्द झाला १९५२ साली, आणि मुंबई राज्यात १९५९मध्ये सराईत गुन्हेगारांचा अधिनियम आला. ऑक्टोबर २०२४मध्ये तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवताना सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींवर चालत आलेला हा 'सराईत' शिक्का पुन्हा उकरून काढावा लागला. 'उचल्या' शिकवून झालेला आमचा सहकारी शिक्षककक्षात येतो, वर्तमानपत्र उघडतो, 'सराईत टोळीच्या मुसक्या आवळल्या. पारधी वस्तीवर छापा' हे वाचतो आणि म्हणतो, बरे झाले. त्या सहकाऱ्याचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण अनेक दिवशी तो सहकारी आम्हीच होतो.

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची (१९६७) गतही याहून बरी नाही. बेणारेबाईंचे स्वगत एकांकिका स्पर्धांत आणि प्रवेशपरीक्षांत इतके गाजले की त्याची जागा आपण विसरलो. खेळातल्या न्यायालयात आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात. ती बोलते तेव्हा बाकीचे गोठलेले असतात, म्हणजे तिचे बोलणे न्यायालयाच्या नोंदीत येतच नाही. प्रत्यक्ष न्यायालयात या क्षणाला कलम आहे: पूर्वीचे ३१३, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे ३५१. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर आरोपीविरुद्ध जे जे आले ते त्याच्यापुढे ठेवायचे आणि त्याला स्पष्टीकरणाची संधी द्यायची. त्याला शपथ घालत नाहीत, उत्तर नाकारल्याबद्दल शिक्षा होत नाही. संपूर्ण खटल्यात आरोपीचा स्वतःचा आवाज ऐकू यावा अशी ही हक्काची जागा. तिथे बहुतेक वेळा काय लिहिले जाते? 'खोटे आहे.' 'माहीत नाही.' 'खोटे आहे.' आम्ही हे कागद पाहिले आहेत, आणि त्यांच्याइतका निवेदनहीन मराठी मजकूर दुसरा पाहिलेला नाही. तेंडुलकरांनी गोठवलेल्या त्या दहा सेकंदांचा अर्थ स्त्री-पुरुषसंबंधांत शोधताना आपण तो न्यायप्रक्रियेत शोधायचा राहून गेलो.

आता सर्वांत जड आक्षेप. ज्यांचे माणूस गेले त्यांचे काय? आरोपीच्या हक्कांची एवढी कळकळ, आणि बळी पडलेल्यांसाठी एक ओळ नाही? हा प्रश्न विचारणारे सगळे ढोंगी नसतात. काहींच्या घरात खरोखरच कुणी गेलेले असते. आम्ही उत्तर मुंबईतूनच देऊ. ११ जुलै २००६च्या लोकल गाड्यांतील स्फोटांत जवळजवळ १९० माणसे मेली. खटला 'मकोका'खाली चालला. महाराष्ट्राने १९९९ साली केलेल्या या कायद्यात, वर सांगितलेली मनाई बाजूला सारून, अधीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते. २०१५मध्ये बारा जण दोषी ठरले, पाचांना फाशी, सातांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर तुरुंगात मरून गेला होता. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत असे सांगताना न्यायालयाने ते शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि त्यांतले काही भाग एकमेकांवरून उतरवल्यासारखे सारखे असल्याचे दाखवले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वाधार म्हणून धरू नये असे त्या न्यायालयाने सांगितले, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही.

अनेक प्रती समोर मांडायच्या, पाठ ताडून पाहायचे, कोणता मजकूर कुठून आला ते ठरवायचे: याला आमच्याकडे पाठचिकित्सा म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांवर ती करणारी थोर परंपरा मराठीला आहे. इथे ती दोन न्यायमूर्तींनी केली, एकोणीस वर्षांनी. आणि त्या एकोणीस वर्षांत स्फोटांत गेलेल्यांच्या नातेवाइकांना काय मिळाले? उच्च न्यायालयाचा निकाल मानायचा तर खरा गुन्हेगार आजही मोकळा आहे. आरोपीचा हक्क तुडवला की बळी पडलेल्याच्या हातीही काही उरत नाही, हे या खटल्याइतके स्वच्छ क्वचित दिसते.

गुन्हा शाबीत झाल्यानंतरचे प्रकरण थोडक्यात उरकतो, कारण तिथे तर आपली भाषा बोलायलाच तयार नसते. १९५८चा एक केंद्रीय अधिनियम आहे, अपराध्यांना परिवीक्षेवर सोडण्याचा. फाशी वा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात, गुन्ह्याचे स्वरूप आणि माणसाचे चारित्र्य पाहून, तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर न्यायालय दोषी माणसाला सोडू शकते. जन्मठेपेपर्यंत न जाणाऱ्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालच्याला तुरुंगात धाडायचे, तर का धाडतो याची कारणे न्यायालयाला लिहावी लागतात. ही निर्दोष सुटका नव्हे. दोष कायम राहतो, पण त्या दोषापायी एरवी चिकटणारी अपात्रता या कायद्याने सोडलेल्याला चिकटत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातून मोटारसायकल चोरीला गेली, तर त्याचे पुढचे आयुष्य या तरतुदीवर अवलंबून असते. मराठी कथा-कादंबरीत असा पोर किती वेळा भेटला? आम्हांला फारसा आठवत नाही. आपल्या कथनाला तुरुंग चालतो, फाशी चालते, पश्चात्तापाने वेडा झालेला खुनी तर फारच चालतो. घरी राहून महिन्याला परिवीक्षा अधिकाऱ्याला भेटणारा माणूस चालत नाही. आणि गंमत अशी की नोकरीच्या आरंभी आम्ही सगळे शिक्षक 'प्रोबेशन'वरच होतो, त्या काळात प्राचार्यांना नमस्कार जरा वाकूनच घालत होतो.

काही वाचक विचारतील, करायचे काय. आमची मागणी फार छोटी आहे. वृत्तलेखनाचे अभ्यासक्रम आता बहुतेक मराठी विभागांत आहेत. तिथे हे वाक्य चूक म्हणून शिकवावे, शुद्धलेखनाची चूक दाखवतो तसे. आम्ही एका वर्गात ते पुन्हा लिहायला दिले. बऱ्याच खटपटीनंतर जे फळ्यावर उरले ते असे: 'संशयिताने चौकशीत चोरी केल्याचे सांगितले, असे पोलिसांचे म्हणणे आहे. पोलिसांपुढील अशी कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. त्याला वकील मिळाला आहे का, या प्रश्नाला पोलिसांनी उत्तर दिले नाही.' मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला की हे फार लांबते, उपसंपादक कापेल. कुठली ओळ कापेल असे विचारल्यावर त्याने क्षणभर फळ्याकडे पाहिले आणि तिसरीकडे बोट केले.